बॅटरीची निर्जळी

"फोनवर होती का नव्हती? हो म्हन नाहीतर नाही म्हन!"

"होती ना. पन बहिणीचा फोन होता, लगेच ठेवनार होती मी..."

"पाह्य! आली कबुलीवर! म्हंजे फोनवर होती!"

"अहो, पन फोननं बॅटरी पेटते का? मी पंपाची बॅटरी चार्जिंगले लावली, बटन दाबलं, तेवढ्यात फोन वाजला. घरात रेंज नसते म्हनून अंगणात आली. तठीच बोलून राह्यली होती, त आतून सूं सूं आवाज आला..."

"अन् मॅडम बोलूनच राह्यल्या!"

"फेकला ना फोन! पळत गेली ना आत! हा हात काय चुलीत घातला होता मी?"

संजीवनीने फडक्यात गुंडाळलेला उजवा हात नवऱ्यापुढे धरला. शेखरने हाताकडे बघितलं नाही. तो खोलीकडे बघत होता. पुढच्या खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला होता, नांदुऱ्याला न्यायचा. आता तिथे काळा, ओला लगदा होता आणि जळक्या कापसाचा तो वास, जो एकदा घरात शिरला की पांघरुणांतून, पिठातून, केसांतून येत राहतो.

दारात कोकिळाबाई उभ्या होत्या. हातात स्टीलचा डबा. ज्या घरात असं काही होतं तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारून भाकरी येते. त्यांना येऊन बराच वेळ झाला होता, पण दोघांचंही लक्ष नव्हतं आणि त्यांनीही खाकरून आपण आल्याचं कळवलं नव्हतं.

"या काकू, या," शेखर म्हणाला. "पाहा तुमच्या चेलीचे प्रताप. तुम्हीच सांगा, तुम्ही त गावच्या इंजिनेर. बॅटरी लावून मानसानं फोन घेऊन बसाव का?"

संजीवनीने मान वर केली आणि कोकिळाबाईंकडे पाहिलं. रागाने नाही. नाटकात आपलं वाक्य संपवून आपण समोरच्याकडे बघतो, त्याचं वाक्य यायचं असतं म्हणून थांबतो, तसं.

कोकिळाबाई म्हणाल्या, "भाकरी गरम हाये. खाऊन घ्या."

डबा ओट्यावर ठेवला आणि त्या घरी निघून आल्या.

*

कोकिळाबाईंचं गाव रोहिणखेडच्या शिवाराला लागून. भाजीपाल्याचं गाव: वांगी, मिरची, मेथी, मधल्या काळात कापूस आणि तूर. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हापासून त्यांना या घरात कुणी काही विचारलं नव्हतं. नवरा निवृत्तीराव वाईट माणूस नाही. कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. फक्त विचारलं नाही. बियाणं कोणतं, माल शेगावला न्यायचा की नांदुऱ्याला, मुलगी कुठे द्यायची. सासू होती तोवर भाजीतलं मीठसुद्धा तीच चाखून ठरवायची. कोकिळाबाई हसून सांगत, "मले या घरात एकच गोष्ट विचारली गेली बाई, चहा झाला का?"

मग बचत गटात फवारणीचा बॅटरीवाला पंप आला.

त्याआधी पाठीवरच्या पंपाचा दांडा हाताने मारत राहावं लागे, आणि ते काम गड्यांचं. बायांनी पाणी भरून द्यायचं. या पंपाला दांडाच नाही. बटण दाबलं की घुर्रर्र. बायांनी आपापल्या मेथी-मिरचीवर आपणच फवारायला सुरुवात केली. एक दिवस पंप बंद पडला. निवृत्तीराव म्हणाले, नांदुऱ्याला पाठवू. ते पाठवेपर्यंत कोकिळाबाईंनी शिलाई मशीनच्या खणातला पेचकस काढला, झाकण उघडलं, सुटलेली वायर बसवली आणि बटण दाबलं. घुर्रर्र.

"काकू वो! कसं केलं?"

हा प्रश्न. एवढ्या वर्षांत पहिला.

त्यानंतर गावातला कुठलाही पंप आजारी पडला की तो आधी कोकिळाबाईंच्या ओसरीवर यायचा. आणि त्या काय नुसता दुरुस्त करायच्या? खेळ असायचा तो. पंपाला पाटावर बसवायच्या. वैद्यासारखी नाडी बघायच्या. "जीभ दाखव बापा. हं. कवापासून बोलत नाही? काल रात्री काय जेवला?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पंप सुरू झाला की कोकिळाबाई त्याच्या टाकीवर थाप मारून म्हणायच्या, "जाय घरी, सासूचं ऐकजो." मेथीची जुडी, मूठभर शेंगा, एवढीच फी. पण शब्द? शब्द असा की नवरे आपल्या बायकांना सांगायचे, काकूले विचार.

एकादशीचं शास्त्र त्यांचंच.

त्यांचा भाऊ शेगावला एका लॉजवर कामाला. फार वर्षांपूर्वी त्याने जाडजूड मोबाइल घेतला तेव्हा दुकानदाराने बजावलं होतं, बॅटरी पार संपू द्यायची, मगच चार्जिंगला लावायची, नाहीतर तिची सवय बिघडते. भावाने ते बहिणीला सांगितलं. बहीण स्वतः एकादशी धरणारी. तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टींची गाठ पडली ती सुटलीच नाही.

"मानसानं पंधरा दिवसांतून एकदा पोट रिकामं ठेवाव का नाही?"

"ठेवाव काकू."

"मंग बॅटरीले पोट नसते का?"

झालं. एकादशीला गावातल्या बाया साधं पाणी भरून पंप मरेपर्यंत चालवायच्या. रात्रभर बॅटरी उपाशी. द्वादशीला सकाळी चार्जिंग, म्हणजे पारणं. "एकादशी अन् दुप्पट खाशी," कोकिळाबाई म्हणायच्या, "हे काय मानसापुरतंच हाये?"

नवे हलके पंप आले तेव्हा पंचाईत झाली. त्यांच्यातली लिथियमची बॅटरी, निळ्या वेष्टणातली, चपटी. ती पूर्ण संपायच्या आधीच पंप आपोआप बंद व्हायचा. आत एक छोटं सर्किट असतं, ते अडवतं. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की पंप जरासा हुंकार देऊन पुन्हा गप्प. म्हणजे जीव शिल्लक आहे! कोकिळाबाईंना हा ढोंगीपणा सहन झाला नाही.

"हे कसली एकादशी? हे त साबुदान्याची खिचडी खाऊन धरलेली एकादशी!"

त्यांनी पंप उघडला, सर्किटला वळसा घालून एक वायर थेट जोडली. पंप कण्हत कण्हत शेवटपर्यंत चालला. आणखी थोडी फवारणी फुकटात. त्याला त्यांनी नाव दिलं, निर्जळी. मग काय, "काकू, माझ्या पंपाची बी निर्जळी करून द्या ना." ज्या ज्या घरी तसला पंप होता, त्यातल्या बहुतेक घरी कोकिळाबाईंची वायर गेली.

गिरणीवरची गोष्ट आगीच्या दोन-चार दिवस आधीची. दळणाला बायांची रांग होती. संजीवनी पिशवीत आपल्या निर्जळीवाल्या पंपाची बॅटरी घालून आली. या सगळ्यांत ती लहान, नुकती स्वतः फवारायला लागलेली.

"काकू, पाहा ना जराशी. पोट फुगल्यासारखं दिसते. अन् चार्जिंगले लावली की गरम बी लागते."

कोकिळाबाईंनी बॅटरी तळहातावर घेतली. खरंच फुगली होती. निळं वेष्टण ताणलं गेलं होतं. असं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. पण भोवती बाया होत्या, सगळ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी बॅटरीच्या पोटावर बोटं दाबली आणि म्हणाल्या, "मागच्या पारण्याले जास्त जेवली वाटते ताई! ओवा दे इले!"

गिरणीच्या आवाजावरून हसू गेलं. संजीवनीही हसली. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "पन लावू ना, काकू?"

"लाव वं. उतरन पोट."

एकादशी झाली. द्वादशीला सकाळी संजीवनीने बॅटरी लावली.

*

पाण्याच्या नळावर बायांनी दुसऱ्याच दिवशी संजीवनीचं नाव ठेवलं, मोबाइल संजी. ती घागर घेऊन आली की कुणीतरी कानाला हात लावून "हॅलो" म्हणायचं. शेखरने तिचा फोन काढून स्वतःच्या खिशात ठेवला. बहिणीचा फोन आला की तो खिशातच वाजायचा, आणि तो वरून दाबून बंद करायचा. "तिचा हात भाजला न हो, बोलू द्या तिले," कुणी म्हणालंच तर उत्तर ठरलेलं: "आमचा कापूस जळला तवा बोलूनच राह्यली होती."

"काकू, तुम्ही सांगा," विमलबाईने नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "फोनवर बोलल्यानं पेटते का वो बॅटरी?"

संजीवनी घागरीखाली चुंबळ ठेवत होती. थांबली.

कोकिळाबाई म्हणाल्या, "लक्ष पाह्यजे बाई. लक्ष नसलं की कायबी होते."

या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. त्या घरी आल्या. ओसरीवर त्यांचा स्वतःचा पंप होता. त्यांनी बॅटरी काढून हातात घेतली. तीही फुगायला लागली होती.

कुणाला न सांगता त्यांनी पंपासकट एसटी धरली आणि नांदुऱ्याला उतरल्या. बाजारात दीपकचं पंपांचं दुकान. पोरगेलासा, बोलका, गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय झाकण न उघडणारा. त्याने झाकण उघडलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"हे डायरेक्ट कोनं केलं काकू?"

"काय?"

"हे वायर. सर्किट सोडून डायरेक्ट जोडली. कोनाचं काम हाये?"

कोकिळाबाईंनी रस्त्याकडे बघितलं. "आमच्या गावात हाये एक बाई."

"कोन?"

"हाये. म्हातारी हाये."

"तिच्या पायाले हात लावतो म्हना, पन पेचकस ठेव म्हना खाली! अन् असे किती पंप केले तिनं?"

"बरेच केले."

दीपकने बॅटरी उचलून दुकानाबाहेर, वाळूच्या बादलीत अगदी अलगद नेऊन ठेवली.

"पन बापा, एक सांग. रिकामी केली तिनं. रिकाम्या भांड्यात काय जळते? भरलेली पेटली त समजलं."

"तठीच त फसते मानूस, काकू. रिकामी असताना काई होत नाही. आत तांब्याचा पातळ पत्रा असते. बॅटरी पार रिकामी झाली, तशीच राह्यली, की ते तांबं आतल्या आत विरघळते. आपल्याले दिसत नाही. मंग तुम्ही चार्जिंगले लावता, त ते तांबं भलत्याच जागी जाऊन साचते. कोळिष्टक धरल्यासारखं. ते इकडून तिकडं टेकलं की आतच शॉट. गरम होते, फुगते, अन् एक दिवस भडकते. ते सर्किट तेच अडवते. पंप मंदावला की थांबा अन् लवकर चार्ज करा, एवढंच सांगते ते."

"पार संपू द्याव म्हनतात ना? सवय बिघडते म्हनून?"

"ते जुन्या बॅटऱ्यांचं. ते मोबाइल गेले, त्या बॅटऱ्या बी गेल्या. हिले उपाशी ठेवनं म्हंजे आत विष करनं. सीझन संपला तरी अर्धी भरून ठेवाव. अन् फुगलेली त हात लावायची नाही. तुमच्या त्या बाईले दिसत नव्हतं का फुगलेलं?"

दीपकने पुन्हा चहा पुढे केला.

"अन् समज," त्या म्हणाल्या, "कोनी बाई बॅटरी लावून बहिणीसंग फोनवर बोलत असन, अंगणात जाऊन. त त्यानं...?"

दीपक हसला. "त वाचली म्हना ती! फोन आला म्हनून अंगणात गेली. बॅटरीजवळच बसून राह्यली असती त? तोंडावर धूर आला असता. फोनवाल्या बहिणीले साडी घ्या म्हना."

कोकिळाबाईंनी चहा प्यायला नाही. त्यावर साय धरली.

*

परतल्यावर त्यांनी आधी बॅटऱ्या गोळा केल्या. बादलीत वाळू घेऊन घरोघर. ज्या ज्या घरी त्यांची वायर होती ते प्रत्येक घर त्यांना ठाऊक होतं.

"नांदुऱ्याच्या दुकानदारानं सांगतलं, या बॅटऱ्या लावायच्या नाहीत. द्या."

"मंग एकादशी, काकू?"

"एकादशी माझी. बॅटरीची नाही."

"पन तुम्हीच त..."

"द्या म्हनते ना."

दुकानदाराने सांगितलं. हे खरं होतं. मी चुकले, हे खरं कुठल्याच दारात तोंडातून निघालं नाही. बादली भरली, आवाराच्या कोपऱ्यात, गुरांसाठी साठवलेल्या कुटाराच्या ढिगापासून लांब ठेवली गेली. आणि एकच घर उरलं, जिथे गोळा करायला काही उरलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला बसताना त्यांनी निवृत्तीरावांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते, भाकरी मोडत.

"घेतल्या ना बॅटऱ्या सगळ्या?"

"घेतल्या."

"मंग झालं. आता कोनाचं घर जळत नाही."

"संजीचं?"

"तिचं जळून गेलं. फोन त होताच ना तिच्या हातात? कायले सांगत फिरतं आता? लोकं इंजिनेर म्हनतात तुले. नाव जाईन."

माझ्या नावाचा या माणसाने कधी विचार केला होता? कोकिळाबाईंना हसू आलं आणि लगेच लाज वाटली. कारण आज दिवसभर, दारोदार, त्यांनीही तोच विचार केला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या शेखरच्या घरी गेल्या. तो काळ्या भिंतीला चुना मारत होता. संजीवनी उंबऱ्याजवळ बसून डाव्या हाताने कापूस निवडत होती: पिवळा पडलेला एकीकडे, अजून पांढरा असलेला दुसरीकडे. दुसरीकडे फार थोडा होता.

शेखरच्या खिशात फोन वाजला. त्याने वरून दाबला.

"शेखर, तिचा फोन तिले दे," कोकिळाबाई म्हणाल्या.

"तुम्ही मधात पडू नका काकू."

"मी मधात पडली म्हनूनच घर जळलं तुमचं."

शेखर वळला. ब्रशवरून चुना टपटप खाली पडत होता.

त्यांनी सांगितलं. उभ्या उभ्या, हात पोटाशी धरून. एरवी बॅटरीची नाडी बघणाऱ्या, आवाज बदलून बोलणाऱ्या बाईने यात एकही सोंग आणलं नाही. वायर कशी जोडली ते सांगितलं. निर्जळी कशाला म्हणत होत्या ते. तांब्याचं. सर्किटचं. गिरणीवर संजीवनीने फुगलेली बॅटरी दाखवली आणि आपण सगळ्यांसमोर ओवा दे म्हणून हसवलं, ते. "तिनं विचारलं होतं, लावू का. मी लाव म्हनलं. अन् फोन आला म्हनून ती बाहेर होती. नाहीतर आज..."

"म्हंजे मी इतके दिवस तिले..." शेखर म्हणाला. त्याने मोकळा, चुन्याने माखलेला हात पँटला पुसला, खिशातून फोन काढला आणि संजीवनीजवळ, पांढऱ्या कापसावर ठेवला.

संजीवनीने तो उचलला नाही. ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या डाव्या हातात कोकिळाबाईंचा डबा होता, घासून लख्ख केलेला. झाकणातून तुरीच्या हिरव्या शेंगा डोकावत होत्या. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो.

"घ्या काकू. लई दिवस राह्यला."

"संजे, बोल मले. शिव्या दे."

"कायच्या शिव्या?" संजीवनीचा आवाज अगदी साधा होता, नळावर पाणी किती वेळ येईल विचारावं तसा. "बॅटरीचं मले त्याच दिवशी समजलं होतं. फुगलेली मीच त दाखवली होती. याइले नाही सांगतलं."

शेखर तिच्याकडे बघतच राहिला. "काऊन नाही सांगतलं?"

"मले वाटलं, काकू सांगतीन." तिने कोकिळाबाईंकडे पाहिलं, पुन्हा तसंच, त्या दिवशीसारखं. "तुम्ही दारात उभ्या होत्या, डबा घेऊन. मी पाह्यलं तुमच्याकडं. तुम्ही म्हनलं, भाकरी गरम हाये. मंग नळावर विमलबाईनं विचारलं, तवा बी वाटलं, आता बोलतीन. तुम्ही म्हनलं, लक्ष पाह्यजे. चुकलं त मानसाचं चुकते, काकू. मले एवढंच सांगा. तवा काऊन नाही बोलल्या?"

कोकिळाबाईंनी तोंड उघडलं. तांबं कसं विरघळतं ते त्यांना सांगता येत होतं. सर्किट काय अडवतं ते सांगता येत होतं. संजीवनी डबा पुढे धरून उभी होती आणि शेखर ब्रश हातात धरून. कापसावरचा फोन वाजायला लागला.

कोकिळाबाईंनी पदर डोक्यावर ओढला. डबा न घेता त्या वळल्या आणि उंबरा ओलांडून बाहेर पडल्या.